पाच भाकरींचा हिशेब

पाच भाकरी, दोन मासे आणि पाच हजार माणसं. येशूची ही गोष्ट आपण चमत्कार म्हणून ऐकलेली असते. पण त्यात चमत्काराआधी एक बजेट आहे, आणि दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याची नजर आधी तिथेच अडकते.

योहानाच्या शुभवर्तमानात फिलिप्प हिशेब मांडतो: 200 दीनारांच्या भाकरी आणल्या तरी सगळ्यांना घासभरही पुरणार नाहीत. मत्तयातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार आहे. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीत 25 पुरुष. बायका-मुलं मोजलेलीच नाहीत. फिलिप्पाचं गणित चोख आहे.

आता त्याच गालीलातला दुसरा आकडा. तिथला शासक हेरोद अंतिपा. इतिहासकार जोसिफस लिहितो की गालील आणि पेरिया या प्रांतांतून त्याला वर्षाला 200 टॅलेंट मिळायचे. एक टॅलेंट साधारण 6,000 दीनारांचा. म्हणजे 12 लाख दिवसांची मजुरी. याच हेरोदाने सरोवराकाठी नवं शहर वसवलं आणि रोमन सम्राटावरून त्याला तिबिर्या नाव दिलं.

मार्कच्या सहाव्या अध्यायात ही दोन्ही जगं शेजारी येतात. आधी हेरोदाच्या वाढदिवसाची मेजवानी: दरबारी, सेनाधिकारी, गालीलातले बडे लोक, आणि शेवटी तबकात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर. पुढच्याच प्रसंगात ओसाड जागा आणि भुकेला जमाव. भाकरी जवाच्या, म्हणजे गरिबाच्या. वल्हांडण सण जवळ आलेला, म्हणजे जवाची सुगी जेमतेम तोंडावर. गालील सुपीक होता, सरोवरात मासे होते. टंचाई प्रांतात नव्हती, या माणसांच्या हातात होती.

हल्ली एक स्पष्टीकरण ऐकू येतं: मुलाने शिदोरी दिली, ते पाहून सगळ्यांनी आपापली लपवलेली शिदोरी बाहेर काढली. मला ते पटत नाही. शुभवर्तमानांत तसं कुठेच नाही. शिवाय त्यात लपवाछपवीचा आळ उपाशी माणसांवरच येतो.

शिष्य सुचवतात की लोकांना गावात पाठवा, विकत घेऊन खातील. येशू म्हणतो, तुम्हीच त्यांना खायला द्या. सगळे जेवल्यावर उरलेले तुकडे गोळा होतात, 12 टोपल्या. काही वाया जाऊ नये म्हणून. पण साठाही होत नाही. मोशेच्या काळातला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडायचा. लूकमधला श्रीमंत मोठी कोठारं बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मागणी आहे ती फक्त आजच्या भाकरीची.

भुकेल्यांना जेवू घालायचं म्हटलं की माणशी खर्च किती, हे आपण आजही आधी विचारतो. हेरोदाच्या मेजवानीचा माणशी खर्च मात्र चारही शुभवर्तमानांत कोणी विचारत नाही.