महारोग नव्हे, कुष्ठरोग

घरात मी हिंदुस्तानी बोलतो, कविता मराठीत लिहितो. या दोन भाषांच्या बांधावर एक शब्द मला नेहमी अडतो. हिंदुस्तानीत ‘कोढ’ म्हणजे कुष्ठरोग. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. ते ना कुष्ठरोगाचे, ना संसर्गाचे. तरी लोक दोघांपासून सारखेच दूर सरकतात. कुष्ठरोगाचे मराठीतले जुने नाव रक्तपिती आणि सर्वांत भारी नाव महारोग. नाव मोठे, तशी भीतीही मोठी.

हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ सालीच त्याचा जंतू शोधला. तरी १८९८ साली इंग्रज सरकारने कायदा केला, तो निराधार कुष्ठरोग्यांना पकडून कोंडून ठेवण्याचा.

तेव्हा आजचा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होता. त्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे आणि साधनाताईंचे आनंदवन १९५१ साली विनोबांच्या हस्ते सुरू झाले. रुग्णांनी विहीर खोदली, भाजी पिकवली. पण सुरुवातीला ती विकत घ्यायला गावकरी तयार नव्हते. पुढे १९६४ साली त्याच आनंदवनात महाविद्यालय निघाले आणि गावची मुले तिथे शिकायला येऊ लागली.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होऊ लागला. कायदा मात्र मागेच राहिला. १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. मुस्लिम विवाहविच्छेदाचा १९३९ चा कायदा असो की १९५५ चा हिंदू विवाह कायदा, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असण्यावर दोघांचे एकमत होते. ते कलम २०१९ साली गेले.

२००५ अखेर देशातले प्रमाण दहा हजारांमागे एका रुग्णाच्या खाली आले आणि आपण निश्चिंत झालो. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र आजही नवे रुग्ण सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध मोफत मिळते. उपचार सुरू होताच संसर्गाची भीती झपाट्याने संपते. उशीर झाला, तर बोटे वाकडी होतात, डोळेही जाऊ शकतात. हा उशीर बहुतेकदा लाजेपोटी होतो. ती लाज आपल्याच तोंडच्या शब्दांनी वाढवली आहे. निदान ‘महारोगी’ हा शब्द तरी आता आपण टाकून देऊ या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)