दुसऱ्याचं यंत्र, आपली चकती

जेऊर म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, कुठलं जेऊर? नगरजवळ एक आहे, अक्कलकोट तालुक्यात एक आहे. मी बोलतोय ते करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं. हा मार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचला आणि तेव्हापासून बाहेरच्या जगातल्या बऱ्याचशा नव्या वस्तू आमच्याकडे आधी स्टेशनावर उतरल्या. २००५ सालच्या एका शनिवारी संध्याकाळी पॅसेंजरमधून अशीच एक वस्तू उतरली. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मित्राच्या खिशात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक सीडी.

‘ही घाल आणि संगणक चालू कर. विंडोज येणारच नाही, दुसरंच काहीतरी येईल,’ तो म्हणाला.

आम्ही ती घातली, आणि विंडोजच आलं. सीडी उघडून पाहिली तर आत एकच एक अगडबंब फाइल. झालं होतं असं, की मित्रानं ऑफिसात उतरवून घेतलेली फाइल जशीच्या तशी चकतीवर ठेवली होती. वास्तविक ही फाइल म्हणजे अख्ख्या चकतीचा ठसा. ठसा उमटवायचा असतो. आम्ही ठसाच उचलून कागदावर ठेवला आणि चित्र का दिसत नाही म्हणून बघत बसलो. दुसरी सीडी यायला पुढचा शनिवार उजाडला. इथं बसून ती फाइल उतरवणं शक्यच नव्हतं. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला चार-पाच किलोबाइट येत. सातशे मेगाबाइटला सलग चाळीस तास लागले असते, आणि तेवढा वेळ फोनही अडकून पडला असता.

‘बूटेबल सीडी’ हा शब्द ऐकून तेव्हा आमच्याकडे हशा पिकायचा. संबंध पायातल्या बुटाशीच आहे म्हणा. बूट ओढून चढवायला मागं एक पट्टी असते. स्वतःच्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला वर उचलायचं, अशी अशक्य गोष्टीसाठी इंग्रजीत म्हण आहे. संगणक सुरू होताना नेमकं हेच घडतं. कुठलाही प्रोग्रॅम चालवायचा तर तो आधी स्मृतीत आणावा लागतो, आणि आणण्याचं काम करायलाही प्रोग्रॅमच लागतो. म्हणून यंत्रातल्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो. वीज आली की तो जागा होतो आणि ठरलेल्या क्रमानं एकेक दार ठोठावतो. फ्लॉपी आहे का? सीडी आहे का? हार्ड डिस्क आहे का? ज्या दारात सुरुवात करून देणारा भेटला, त्याच्या हाती यंत्र सोपवून हा मोकळा. हा दारांचा क्रम आपल्याला बदलता येतो. बूटेबल सीडीचं सगळं मर्म एवढ्यात आलं.

यात नवं काही नव्हतं. आयबीएमनं १९८१ साली पहिला पीसी बाजारात आणला तेव्हा त्यात हार्ड डिस्कच नव्हती. कार्यप्रणाली फ्लॉपीवर असायची. रोज ती घालायची, यंत्र सुरू करायचं. १९८३ च्या एक्सटीमध्ये दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि कार्यप्रणाली यंत्राच्या पोटात कायमची मुक्कामाला गेली. त्यानंतर हळूहळू आपली अशी समजूत झाली, की संगणक आणि त्यातली विंडोज या दोन वेगळ्या वस्तूच नाहीत. आमच्या भागातल्या क्लासमधून शिकलेल्या शंभरातल्या नव्वदांना, विंडोज म्हणजे संगणक, असंच वाटत असे. मलाही वाटत होतं.

सीडीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. सीडीवर फाइली कशा मांडायच्या याचं मानक १९८८ साली ठरलं. त्याआधीचा आराखडा १९८५ मध्ये अमेरिकेत लेक टाहोच्या काठी ‘हाय सिएरा’ नावाच्या हॉटेलात जमलेल्या कंपन्यांनी सुरू केला, म्हणून त्याला नावही तेच पडलं. सीडीवरून यंत्र सुरू कसं करायचं, याचा नियम आयबीएम आणि फिनिक्सच्या इंजिनिअरांनी १९९५ मध्ये ठरवला. त्याचं नाव ‘एल टोरिटो’. तेही कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन खानावळीचं! या नियमातली एक युक्ती अशी, की सीडीनं आपण फ्लॉपी असल्याचं सोंग घ्यायचं. जुन्या दारवानाला नवा पाहुणा ओळखीचा वाटला पाहिजे, म्हणून.

लिनस टोरवाल्ड्सनं हेलसिंकीत १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं, आणि पुढच्याच वर्षी ‘इग्ड्रासिल’ नावाची, सीडीवरूनच चालू शकणारी लिनक्स निघाली. पण तेव्हाचे ड्राइव्ह फार सावकाश. खरी कमाल केली ती जर्मनीच्या क्लाउस क्नॉपरनं. २००० साली त्यानं ‘नॉपिक्स’ काढली. सातशे मेगाबाइटच्या चकतीत सुमारे दोन गिगाबाइटचा ऐवज दाबून बसवलेला. यंत्रात काय काय आहे ते ती स्वतःच ओळखायची, आणि हार्ड डिस्कला न शिवता सगळा कारभार स्मृतीत चालवायची. चकती काढून घेतली की यंत्र पुन्हा होतं तसं. क्नॉपरच्या पत्नीची दृष्टी अधू आहे. पुढं त्यानं पडद्याकडं न पाहता, केवळ ऐकून वापरता येईल असा भाग त्यात घातला आणि त्याला पत्नीचंच नाव दिलं, ‘एड्रियन’. आकाशवाणीवर बोलताना हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आपल्या देशात लिनक्स आधी मासिकांबरोबर आली. ‘पीसीक्वेस्ट’नं १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी द्यायला सुरुवात केली. त्यामागं अतुल चिटणीस होते. जन्म बर्लिनचा आणि अभियांत्रिकीचं शिक्षण बेळगावात. पण त्या सीडी प्रामुख्यानं यंत्रात कायमची लिनक्स बसवण्यासाठी असत. मुख्य अडचण तिथंच होती.

मित्रहो, माझ्याकडं स्वतःचा संगणक नव्हता. गावात कुणाकडं होता? स्टेशनाकडच्या एका क्लासमध्ये चार यंत्रं होती, मालकानं कर्ज काढून घेतलेली. एमएस-सीआयटीमुळं खेडोपाडी असे क्लास निघाले होते. संध्याकाळी विद्यार्थी गेले की मालक मला बसू द्यायचे, एका अटीवर: हार्ड डिस्कला हात लावायचा नाही. एखाद्याच्या शेतात पीक उभं असताना त्याला ‘जरा दुसरं बियाणं पेरून बघू’ असं कोण म्हणेल? तात्पुरत्या चालणाऱ्या सीडीची थोरवी मला तंत्रात वाटत नाही, ती या अटीत वाटते. ज्याच्याकडं स्वतःचं यंत्र, वेगवान इंटरनेट, बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस आहे, त्याला तिची फारशी गरज नव्हती. दुसऱ्याच्या यंत्रावर तासभर बसणाऱ्याला होती.

ही अट मी एकदा मोडली, चुकून. ‘उबुंटू’ ही नवी लिनक्स ऑक्टोबर २००४ मध्ये निघाली होती आणि मागणी नोंदवली की तिच्या सीडी टपालानं फुकट घरी येत. पोस्टेजसुद्धा नाही. परदेशातून पाकीट आलेलं पाहून पोस्टमन सही घ्यायच्या आधी दोनदा नाव वाचत होता. त्या पाकिटात दोन चकत्या असत: एक नुसती चालवून बघायची, दुसरी यंत्रात बसवायची. मी घाईत दुसरी घातली. इंग्रजीत जे जे विचारलं त्याला ‘हो’ म्हणत गेलो. पंधरा मिनिटांनी त्या यंत्रातलं विंडोज गेलं होतं आणि त्याबरोबर दोन वर्षांच्या फीच्या नोंदीही. मालक ओरडले नाहीत. त्यांनी कपाटातून पावतीपुस्तकं काढून माझ्यासमोर ठेवली. पुढचे अकरा दिवस मी त्या नोंदी पुन्हा टाइप करत होतो. जून २००६ च्या उबुंटूत दोन्ही चकत्यांची मिळून एकच झाली. आधी चालवून बघा, पटलं तर बसवा. माझ्यासारखे पुष्कळ असावेत.

आता मराठीचं. तेव्हा संगणकावर मराठी होती, पण वतनदारीसारखी. ज्याचा फाँट त्याचीच मराठी. एका दुकानात टाइप केलेला अर्ज दुसऱ्या दुकानात उघडला की नुसती चिन्हं. युनिकोड हा त्यावरचा उपाय होता, आणि विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ हा देवनागरी टंक आलाही होता. तो आपल्या र. कृ. जोशींनी रेखाटलेला. कवी आणि सुलेखनकार असलेल्या जोशींनी मुंबईच्या एनसीएसटीत ‘रघू’ हा टंकही केला, आणि तो सर्वांना खुला ठेवला. पण एक्सपीवर देवनागरी चालू करायची तर सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, आणि मग यंत्र विंडोजची मूळ सीडी मागायचं. मूळ सीडी! आमच्या पंचक्रोशीत मूळ सीडी कुणी पाहिली होती? सगळा कारभार नकलेवर. ते बरोबर नव्हतं, पण होतं ते तसं होतं.

२००४ मध्ये रेड हॅट कंपनीनं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे टंक ‘लोहित’ या नावानं मुक्त केले. लोहित म्हणजे लाल. कंपनीच्या टोपीचा रंग. हे टंक लिनक्सच्या सीडींवर आपसूक येऊ लागले. दरम्यान ठिकठिकाणचे स्वयंसेवक मेनूमधल्या एकेका शब्दाचं मराठी करत होते. सी-डॅकची ‘बॉस’ २००७ मध्ये आली, तीही भारतीय भाषा घेऊनच. त्याच सुमारास एका रात्री भारतीय भाषांसाठी केलेली एक सीडी मी क्लासमध्ये घातली, भाषांच्या यादीत मराठी निवडली आणि वाट पाहिली. पडदा उजळला. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, ‘ल’ हिंदी वळणाचा, पण शब्द वाचता येत होते. मालकांचे वडील जेवायला बोलवायला आले होते. उसाचे शेतकरी, जुनी चौथी शिकलेले. मुलाच्या क्लासमध्ये ते कधी खुर्चीवर बसत नसत. ते मागं उभं राहून एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागले. ‘मदत’ वाचल्यावर म्हणाले, ‘हे दाब की.’ दाबलं. आतलं सगळं इंग्रजीत होतं.

मग ते खुर्चीवर बसले. एका बोटानं स्वतःचं नाव टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला. नाव झालं, आडनाव सुरू केलं आणि वीज गेली. तेव्हा भारनियमन दिवसाचे कित्येक तास असे. सगळं स्मृतीत चाललेलं, त्यामुळं नावाचा मागमूस राहिला नाही. हार्ड डिस्कला मात्र धक्का नव्हता. अट पाळली गेली होती.

उबुंटूची फुकट टपाल योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली. तोवर पेन ड्राइव्ह स्वस्त झाले होते आणि सीडीचं काम त्यांच्यावर आलं. २०१२ च्या विंडोज ८ बरोबर नव्या यंत्रांत दारवानाला किल्ली मिळाली: ओळखीची सही असेल त्यालाच आत सोडायचं. चोरट्या प्रोग्रॅमपासून बचाव हा हेतू रास्त आहे. लिनक्सवाल्यांनी मायक्रोसॉफ्टची सही घेऊन वाट काढली, पण परवानगी मागायला लागली हे खरं. आपल्या हातातल्या बहुतेक मोबाइलमध्ये तर ते दारच कुलूपबंद असतं. यंत्र आपण विकत घेतो; ते सुरू झाल्यावर पहिला शब्द कुणाचा, हे दुसरा ठरवतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ जुन्या यंत्रांना घेत नाही. क्लास आता मालकांचा मुलगा चालवतो, आणि त्याच्याकडची सहा यंत्रं अशी अधांतरी आहेत, चांगली चालणारी. गेल्या दिवाळीत त्यानं मला फोन केला: पेन ड्राइव्हवर फाइल टाकली, पण यंत्र विंडोजच दाखवतंय. मी विचारलं, पेन ड्राइव्ह उघडून बघ, आत किती फाइली आहेत? तो म्हणाला, एकच.