खांबाला कोपरे किती?

हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेचा फोटो तुमच्या मोबाईलवर कधी ना कधी येऊन गेला असेल. थंडगार पाण्यात मोठं शिवलिंग, भोवती चार खांबांची जागा आणि त्यातला शाबूत फक्त एक. लोक सांगतात, हे चार खांब म्हणजे चार युगं. उरलेला पडला की जगाचा शेवट. बांधकामाच्या नजरेने पाहिलं तर प्रश्न वेगळा पडतो. तीन खांब मोडले, तरी छत पडलं कसं नाही?

उत्तर साधं आहे. ही गुहा डोंगर कोरून केलेली आहे. छत म्हणजे डोंगराचाच सलग कातळ, तो स्वतःच्या बळावर उभा आहे. खांब त्याच कातळातून कोरून ठेवलेले.

बांधलेल्या देवळात मात्र खांबाची सुट्टी नसते. अकोले तालुक्यातच रतनवाडीचं अमृतेश्वर आहे, अकोल्याचं सिद्धेश्वर आहे. अशा जुन्या दगडी देवळांच्या मंडपात एखादा खांब खालून वर बघत जा. सहसा तळाशी चौकोन, मग अष्टकोन, कधी सोळा कोन, मग गोल आणि वर तुळई पेलणारं शीर्ष. पाथरवटाने काय केलं? चौकोनाचे चार कोपरे उडवले, आठ झाले. ते आठ उडवले, सोळा झाले. पुढे घासत गेलं की गोल.

यात दगड किती वाया जातो? एकाच रुंदीचा हिशेब धरला तर चौकोनातून अष्टकोन काढताना शंभरातले साधारण १७ भाग जातात. थेट गोल केला तर साडेएकवीस. खांबाचं वजन पेलण्याचं काम त्याने फारसं बिघडत नाही, कारण दाबाखाली दगड दणकट असतो आणि वरचं ओझं सांधे घट्ट दाबून धरतं. म्हणून पाथरवटाला आकाराशी खेळायची मोकळीक होती.

नगर शहराच्या पूर्वेला डोंगरावर हाच अष्टकोन अख्ख्या इमारतीचा होतो. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची सोळाव्या शतकातली कबर आहे. तीन मजले, आठ बाजू. मोठ्या इमारतींत अष्टकोन सोयीचाही असतो. घुमटाचा गोल थेट चौकोनावर बसवला तर चार कोपरे उघडे राहतात. मध्ये अष्टकोन आला की गोल जवळजवळ आपोआप बसतो.

मग आलं काँक्रीट. साच्यात ओताल तो आकार घेणारा हा दगडच. फक्त त्याची एक खोड आहे: दाब सोसतो, पण ताण आला की तडकतो. म्हणून पोटात सळया घालायच्या. आणि वरून दाबलं की ते बाजूला फुगू पाहतं, म्हणून सळयांभोवती रिंगा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आर्माँ काँसिदेर या इंजिनिअरने दाखवलं, की काँक्रीटभोवती सळईचा सलग वेटोळा घातला तर ते बरंच जास्त ओझं सोसतं. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात, ती चाकाला आवळून धरते. तत्त्व तेच. म्हणून भारतीय मानक आयएस ४५६ नीट वेटोळं घातलेल्या खांबाला पाच टक्के जास्त ओझं पेलू देतं.

गावोगावच्या पाण्याच्या उंच टाक्या गोल पायांवर दिसतात, त्यामागे हाही विचार आहे. वारा कुठूनही येवो, गोल खांबाला कमजोर बाजूच नसते. आयताचं तसं नाही. २३० बाय ४५० मिलिमीटरचा नेहमीचा कॉलम घ्या. लांब बाजूच्या दिशेने तो जितका ताठ असतो, त्याच्या जेमतेम पाव ताठपणा आडव्या दिशेने उरतो. आणि भूकंप दिशा विचारून येत नाही.

इथपर्यंत गोष्ट कोपरे कमी करण्याची होती. फ्लॅटच्या जमान्यात ती उलटली. खोलीत खांबाचा कोपरा पुढे आला की कपाट बसत नाही, पलंग अडतो. मग खांब भिंतीतच लपवायचा. दोन भिंती मिळतात तिथे एल आकार, तीन मिळतात तिथे टी, चार मिळतात तिथे अधिक चिन्हासारखा. एलला सहा कोपरे, टीला आठ, अधिकला बारा.

आकार वाईट नाही. जाड कागद उभा करा, पडेल. मधोमध काटकोनात घडी घालून उभा करा, राहील. एलची ताकद ही. अडचण दुसरीकडे आहे. कागदाचा तो काटकोन एका भिंतीच्या दिशेने ढकला, तर तो सरळ न जाता तिरका वाकायला बघतो. त्याची कमजोर दिशा भिंतीला समांतर नसून तिरपी असते. त्यामुळे दोन्ही दिशांचं वाकणं एकत्र धरून हिशेब करावा लागतो. १९८० साली आलेल्या एसपी १६ या मानक पुस्तिकेत आयताकृती आणि गोल कॉलमचे तयार आलेख आहेत. एल आणि टीचे नाहीत. अशा कॉलमचे बारीक तुकडे कल्पून, प्रत्येकावरचा दाब-ताण काढून बेरीज करावी लागते. आज ते सॉफ्टवेअर क्षणात करतं.

पण सॉफ्टवेअर सळई बांधत नाही. एलच्या सहा कोपऱ्यांपैकी एक आत वळलेला असतो. टीला असे दोन, अधिकला चार. एकच रिंग एलच्या आकारात वाकवून बसवली, तर ताण येताच ती त्या आतल्या कोपऱ्यात सरळ व्हायला बघते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून फोडते. म्हणून दोन्ही हातांना वेगवेगळ्या बंद चौकोनी रिंगा हव्यात, कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या, टोकांचे हुक १३५ अंशांत आत वळवलेले. त्यात सळई जास्त लागते, वेळ जास्त लागतो, आणि दाटीत काँक्रीट नीट भरलं नाही तर पोकळ्या राहतात. काम झटपट उरकायचा मोह नेमका इथे होतो.

तो मोह महाग पडतो. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला पार्किंगसाठी मोकळा, आणि खांबांतल्या रिंगा अपुऱ्या व ढिल्या, ही कारणं पुढे वारंवार समोर आली. वजन तर त्या खांबांनी रोजच पेललं होतं. ते हरले आडव्या धक्क्याला.

देवळातल्या खांबाचा प्रत्येक कोपरा डोळ्यांसमोर आहे. चुकला असता तर शतकानुशतकं दिसला असता. आपल्या फ्लॅटमधला खांब प्लास्टर आणि रंगाआड जातो. त्याचं खरं रूप दिसतं ते काँक्रीट ओतण्याआधीच्या एक-दोन दिवसांत. घर बुक केलं असेल, तर साइटवर जायचे दिवस तेच. आतल्या कोपऱ्याशी बघा: रिंग एक आहे की दोन, आणि हुक आत वळलेत का. दिसलं नाही, तर विचारा.