मान आणि शाल

आमच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात अकरा शाली आहेत. त्यातल्या तीन शालींची घडीसुद्धा मोडलेली नाही. रयत शिक्षण संस्थेत मास्तरकी करून निवृत्त झालो आणि वाळवा तालुक्यातल्या सत्कारांना लागणारा हक्काचा माणूस झालो. कधी शाल घालायला, कधी घालून घ्यायला. यंदा तर थेट निवड समितीवर घेतलंय. जातीधर्मात सलोखा राखणारे पाच कार्यकर्ते शोधायचे. नावं रविवारपर्यंत हवीत, कारण फ्लेक्स छापायला टाकायचाय.

यादी करायला बसलो आणि पहिली आठवली ती आजी. ती काही कार्यकर्ती नव्हती. सोवळं-ओवळं कडक पाळायची. पण तिच्या जात्याशेजारी एक काळं मडकं असायचं. पहाटे दळायला बसताना सुपातली पहिली मूठ जात्यात न घालता त्या मडक्यात टाकायची. आठवड्यानं रयतच्या बोर्डिंगची पोरं झोळी घेऊन यायची, मडकं रितं व्हायचं. त्याला मुष्टिफंड म्हणत. आजी तोंडानं 'मूठफंड' म्हणायची.

पोरांना ती ओसरीच्या वर येऊ देत नसे. जोंधळा झोळीत टाकायची तोही हातभर उंचावरून. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना तिला काही वावगं वाटत नव्हतं. पुढचं मात्र तिच्या हातात नव्हतं. पाटलाच्या घरचा शाळू, माळ्याची बाजरी, मुसलमानाच्या घरची, महारवाड्यातली मूठ, सगळं एकाच झोळीत पडायचं. ते निवडून वेगळं कोण करणार? बाजरी मिसळली की शाळवाची भाकरी थापताना कडेला चिरते, कितीही उकळतं पाणी घालून मळा. बोर्डिंगात राहिलेले एक म्हातारे गुरुजी मला सांगायचे, आमच्या भाकरीला कड कधी धड नव्हतीच.

भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काल्याला ही रयत शिक्षण संस्था काढली. गावं त्यांच्या पायाखालची होती, कारण आधी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवत हिंडलेले. मूळ घर आमच्याच तालुक्यातलं, ऐतवडे बुद्रुकचं. पण खरी गोष्ट १९२४ ला साताऱ्यात सुरू झालेल्या बोर्डिंगची. तिचं मोल कळायला आधीचं कोल्हापूर पाहावं लागतं. शाहू महाराजांनी तिथं वसतिगृहांची रांगच उभी केली होती: मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळी ही केवढी मोठी उडी! तरी प्रत्येकाची चूल निराळी. भाऊराव जैन बोर्डिंगात शिकत होते. मिस क्लार्कच्या समारंभाला जाऊन आले, आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. पुढं त्यांनी साताऱ्यात जे केलं ते एका वाक्यात मावतं: चूल एकच ठेवली. त्याच बोर्डिंगात २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजी आले आणि त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. शाहू महाराज जाऊन तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती.

एक चूल म्हणणं सोपं आहे. ती पेटवायची कुणी, याचं उत्तर आहे लक्ष्मीबाई. भाऊरावांच्या पत्नी. जैन घरातली बाई, माहेर-सासर दोन्हीकडं स्वयंपाकघराचे नियम काटेकोर. त्यांच्या पंक्तीला महार, मांग, मराठा, मुसलमान पोरं बसायला लागली. पोरं दळायची, पाणी भरायची, भांडी घासायची, पण एवढ्या तोंडांचा हिशेब बाईंच्या डोक्यात. एकेक दागिना गेला. एकदा भाऊराव गावाला गेलेले, कोठीत दाणा नाही. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र विकायला दिलं. १९३० साली त्या वारल्या. भाऊरावांना पुढं पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली, तीही १९५९ सालची, त्यांच्या अखेरच्या वर्षातली. लक्ष्मीबाईंच्या खांद्यावर कुणी शाल घातल्याचं मी कुठं वाचलेलं नाही.

सत्कार हा आपल्याकडं तसा अलीकडचा प्रकार. हार, नारळ, मानपत्र, मग माइकवर दोन शब्द (दोन कधीच नसतात). त्याच्या आधी आपल्याकडं होता तो मान. बैलपोळ्याला पहिला बैल कुणाचा, पालखीला खांदा कुणाचा, यावरून डोकीही फुटली आहेत. मानाचं मी उगाच कौतुक करत नाही. बहुतेक मान पाटीलकीच्या मिजाशीतून आलेले. पण काही निराळे आहेत.

मिरजेचा ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस घ्या. सहाशे वर्षांहून जुना दर्गा. उरुसाला पहिला गलेफ चढतो तो चर्मकार समाजाचा. ज्यांना शेजारच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्या हातचं वस्त्र इथं सगळ्यांच्या आधी. याच दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ ला ते तिकडं मद्रासेकडच्या प्रवासात वारले, मातीला मिरजेत आणले. गवई त्यांच्यासाठी येतात. मी एका उरुसाला गलेफाच्या मिरवणुकीसाठी गेलो होतो. एका म्हाताऱ्याला विचारलं, हा मान तुम्हाला कुणी दिला? तो म्हणाला, "दिला कुणी ते ठावं न्हाई मास्तर. पण वरीसभर त्याची तयारी आमच्याच अंगावर असती."

कडेगावच्या मोहरमचंही तसंच. दीडशे वर्षांहून जुनी चाल. बांबूचे गगनचुंबी ताबूत, काही मुसलमानांचे, काही हिंदूंचे. बांधायची रीत उलटी, आधी कळस मग पाया. वरचा मजला बांधून झाला की तो उचलायचा आणि खाली दुसरा जोडायचा. म्हणजे दरवेळी सगळा भार माणसांनी हातावर पेलायचा. ते पेलायला दोन्हीकडची माणसं लागतात, एकट्यादुकट्याचं काम नव्हे. ताबुतांच्या भेटी बघायला लोक लांबून येतात; मला बघायला आवडतं ते आधीचे दिवस, सूत गुंडाळणारी बोटं आणि बांबूवरून होणारी भांडणं.

आणि आमच्या तालुक्यातलं गोटखिंडी. तिथला गणपती ऐंशीच्या दशकापासून मशिदीत बसतो. निमित्त पावसाचं, मूर्ती भिजू नये म्हणून मुसलमानांनीच आत घ्यायला सांगितलं. मूर्ती विसर्जनाला निघते, पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच. बकरी ईद गणेशोत्सवात आली तेव्हा गावातल्या मुसलमानांनी नमाज पढून ईद केली, कुर्बानी केली नाही. वर्तमानपत्रं दरवर्षी फोटो छापतात. फोटोत मूर्ती असते, मशीद असते. फरशी कोण पुसतं, रात्री वीज गेली तर जागं कोण राहतं, हे फोटोत येत नाही.

हे सगळं समितीच्या बैठकीत बोललो. सेक्रेटरी म्हणाले, "सर, भाषण छान झालं, पण नावं?" मी दोन दिली. एक बाई, आमच्या गावातली, दंगलीची अफवा उठली त्या रात्री दोन्ही आळ्यांत चहा घेऊन फिरलेली. दुसरा एक गडी, मंडपवाला. बाईंनी सुनेला विचारून सांगते म्हणून निरोप दिला. मंडपवाल्याला मीच फोन लावला. तारीख ऐकून तो जरा थांबला.

"त्या दिवशी मशिदीत गणपतीचा मांडव घालायचाय, मास्तर. बांबू आजच उतरवलेत. शाल असली तर पोराच्या हाती पाठवून द्या."