हस्ताचा पाऊस आणि दुष्काळाचा कायदा

बोरगाव-निपाणीच्या पट्ट्यात मृगाला जितका मान, तितकाच हस्तालाही. सप्टेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास सूर्य या नक्षत्रात जातो, आणि पाटावर हत्ती रेखून मुली त्याभोवती हादग्याचा फेर धरतात. हा हत्ती म्हणजे मेघांचेच रूप. शाळूची पेरणी, विहिरींचे झरे, पुढील उन्हाळ्याचा चारा हे सर्व त्याच्या सोंडेवर अवलंबून. तंबाखूच्या शेतात मात्र पाणी तुंबले की पीक बसलेच. म्हणून आमचा शेतकरी हस्ताला हात जोडतो तेव्हा मनात थोडी भीतीही बाळगतो.

ही भीती किती सार्थ आहे, हे इतिहास सांगतो. इसवी सन १८७६ मध्ये सप्टेंबर आणि ऑक्टोबर कोरडे गेले. हत्ती आलाच नाही. पुणे, सातारा, सोलापूर, बेळगाव, धारवाड, कलादगी अशी सारी देशावरची पट्टी होरपळली. पुढील वर्षी प्रशांत महासागरात एल निनो प्रबळ झाला आणि संकट लांबले, असे आजचे शास्त्रज्ञ सांगतात. १८७८ पर्यंत चाललेल्या या दुष्काळाने हिंदुस्थानात घेतलेल्या बळींचा अंदाज ५० लाखांच्या वर जातो. पाऊस न पडणे ही दैवगती मानली, तरी त्यानंतर जे घडले त्यास दैव म्हणणे आम्हांस जड जाते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरीस कात्री लावली. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या कामावर पाठ फिरविली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. त्याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला होता. सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तेथे अंगावर खादी घालून हजर राहिले. झगमगत्या पोशाखांच्या त्या गर्दीत त्या जाड्याभरड्या कापडाकडे किती जणांचे लक्ष गेले असेल, देव जाणे. टेंपलसाहेब मात्र त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

या अनर्थातून एक गोष्ट निघाली. सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि पुढे दुष्काळसंहिता तयार झाल्या. कामे केव्हा काढावी, मजुरी किती द्यावी, अपंगांस काय द्यावे, सारा तहकूब वा माफ केव्हा करावा, हे प्रथमच कागदावर आले. आम्ही वकिलीच्या पेशातले. कागदावरील हक्क आणि पदरात पडलेला हक्क यांतील अंतर आम्हांस पुरते ठाऊक आहे. १८९६ मध्ये पावसाने पुन्हा सप्टेंबरात दगा दिला, तेव्हा हे अंतर तोडण्याचे काम लोकमान्य टिळकांनी अंगावर घेतले. संहितेतील तरतुदी ‘केसरी’तून साध्या मराठीत समजावल्या गेल्या. सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी गेले आणि सारामाफी ही भीक नव्हे, तो नियमाने मिळणारा हक्क आहे, असे रयतेस सांगू लागले. सरकारला हे रुचले नाही. १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची सरकारी मान्यता काढून घेण्यात आली. नियम सरकारनेच केलेला, आणि तो मोठ्याने वाचून दाखविणे हाच अपराध ठरला! टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते. सनद घेऊन कोर्टात उभे न राहताही वकिली कशी करावी, याचा याहून चांगला धडा आम्हांस माहीत नाही.

हत्तीचे दुसरे रूप उन्मत्त असते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीने पात्र सोडले. सुमारे १५ हजार माणसे दगावली असे मानले जाते. निजाम मीर महबूब अली खान यांनी हिंदू रीतीने नदीची पूजा केली, असे तेथील लोक आजही सांगतात. पूजेबरोबर विश्वेश्वरय्यांनाही पाचारण झाले, ही त्यांतली शहाणपणाची गोष्ट. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले.

आणि २००९ तर आमच्या पिढीने पाहिलेले. त्या वर्षी २८ सप्टेंबरला दसरा होता. सोने लुटून झाले, आणि कोजागिरीपर्यंत उत्तर कर्नाटक पाण्याखाली गेले. बेळगाव, बागलकोट, विजापूर, रायचूर या भागांत घरे मातीसारखी विरघळली. राज्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. २ ऑक्टोबरला तुंगभद्रेचे पाणी मंत्रालयात श्री राघवेंद्रस्वामींच्या मठात शिरले आणि यात्रेकरू अडकून पडले. कर्नूल शहर बुडाले. त्याच दिवशी गोव्यात काणकोणास तळपण आणि गालजीबाग नद्यांच्या लोंढ्याने झोडपले, आणि कारवारजवळ कडवाडला दरड कोसळून माणसे गाडली गेली. मराठी, कोंकणी, कन्नड आणि तेलुगू घरांत एकाच दिवशी आकांत झाला.

आमच्या दूधगंगेचे धरण काळम्मावाडीस, म्हणजे महाराष्ट्रात. तिच्या काठची आमची शेते कर्नाटकात. दरवाजे एका राज्यात उघडतात, पंचनामे दुसऱ्या राज्यात होतात. शेत पाण्याखाली गेले की आमच्याकडे येणारे पक्षकार प्रथम विचारतात तो प्रश्न असा: अर्ज कोणत्या कचेरीत आणि कोणत्या भाषेत करावयाचा? दुसरा प्रश्न मुदतीचा असतो. तो विचारीपर्यंत बहुधा हस्त संपून चित्रा लागलेली असते.