हिवाळ्यातील खड्डे आणि मोटारीचे संरक्षण

रस्त्यावरील खड्डा म्हणजे डांबरी थर फुटून खालची खडी निघून गेल्याने पडलेला खळगा होय. शीत प्रदेशांत भेगांतील पाणी गोठून सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व रस्ता उखडतो. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव परिसरात कारण निराळे आहे. कापसाची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे वरचा थर तडकतो, पाणी मुरते व वाहनांच्या भाराखाली खडी सैल होते. हे खड्डे बुजवले न गेल्यास हिवाळ्यातही राहतात. तेव्हा ते कोरडे असले तरी पहाटेच्या धुक्यात उशिराच दिसतात.

तापमान ५ ते ६ अंश सेल्सियसने उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे १ पीएसआय घटतो. कमी दाबाचा टायर खड्ड्याच्या कडेवर चेपला जाऊन रिम वाकते किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. म्हणून दाब गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावा. ब्रेक खड्ड्याआधीच लावून चाक आत उतरताना सोडावा. ब्रेक दाबलेला राहिल्यास पुढील स्प्रिंग आधीच दबलेली असते व धक्का अधिक बसतो. धुक्यात एकाएकी स्टिअरिंग वळवणे खड्ड्याहूनही घातक ठरते. त्यानंतर गाडी एका बाजूला ओढू लागल्यास चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे.