शिवजयंती : तिथी-तारीख वाद

छत्रपती शिवाजी महाराजांची जयंती हिंदू पंचांगातील तिथीने साजरी करावी की इसवी सनाच्या तारखेने, याविषयीचा महाराष्ट्रातील वाद.

उगम : पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ (६ एप्रिल १६२७) ही जन्मतिथी प्रचलित होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शकावलीत (पहा : जेधे शकावली) फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद आढळली. जन्मतिथी निश्चित करण्यासाठी शासनाने १९६६ मध्ये नेमलेल्या इतिहासतज्ज्ञांच्या समितीत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू आप्पासाहेब पवार हेही होते. पुढे २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

स्वरूप : तिथीचे समर्थक धर्मपरंपरेचा व महाराजांनी सुरू केलेल्या कालगणनेचा (पहा : राज्याभिषेक शक) दाखला देतात, ख्रिस्ती कालगणना त्यांना परकी वाटते. तारखेचे समर्थक सर्वधर्मीयांना सोयीचा, दरवर्षी न बदलणारा दिवस मागतात. १९ फेब्रुवारी ही जूलियन तारीख असून ग्रेगरियन गणनेने तो दिवस १ मार्च येतो (पहा : ग्रेगरियन दिनदर्शिका). कोल्हापुरात १९ फेब्रुवारीच्या शासकीय जयंतीबरोबरच वैशाखातील पारंपरिक शिवजयंतीही पेठापेठांतून साजरी होते.

महत्त्व : ऐतिहासिक पुरावा, धार्मिक आचार व नागरी व्यवहार यांसाठी वेगवेगळ्या कालगणना एकाच समाजात कशा नांदतात, हे या वादातून स्पष्ट होते (पहा : इसवी सन, शालिवाहन शक).